घोंगडीखालचं दान

१

चैती गेली तेव्हा ऊन अजून कड्यावर होतं आणि माझ्या वहीत एकवीस नावं होती. पहिलं तिचंच. सहा वर्षांची पोर. पंगतीत पहिला घास तिला मिळाला होता, आणि उठताना अडखळून पडलीही तीच पहिली.

साल १९१३. आश्विन सरत आला होता. बी.एस्सी. होऊन जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवायला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. माझी थोरली बहीण गौराताई हिचा उंबरजाईला नवस होता, म्हणून आम्ही जामसरवरून तीन तास चालत मोखाड्याच्या अंगाला गेलो. पठाराच्या अगदी कडेवर काळ्या दगडांचं देऊळ, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं. शिखर कधीच कोसळलेलं. गाभाऱ्यात मूर्ती नाही, शेंदराचे थर चढलेली एक शिळा आहे. ती देवळाहूनही जुनी असावी. ताई नवस फेडायला आली होती, मी टेप आणि वही घेऊन देऊळ मोजायला. दोन दिवस आधीच येऊन राहिलो होतो.

त्या दिवशी नव्या दाण्याचा सण होता. आसपासच्या पाड्यांतली साठ घरं स्वतःच्या शेतातल्या नव्या वरईची एकेक ओंजळ कांडून देवीला आणतात. जुना दाणा चालत नाही, उसना तर मुळीच नाही. सगळा दाणा एकत्र शिजतो आणि गावकरी, पाहुणे, यात्रेकरू सगळे तोच खातात. त्याआधी कोणी नवं धान्य तोंडात घालत नाही.

जेवणानंतर तासाभरात माणसं पडायला लागली. पाय थरथरत होते, डोळे मिटत होते, उलट्या होत होत्या. दारू प्यायल्यासारखी माणसं भिंतीला धरून चालत होती. त्यात गौराताई होती. संध्याकाळपर्यंत मोठी माणसं हळूहळू शुद्धीवर येऊ लागली. चैती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोचवून लोक परत आले आणि सोम्या भगतानं सुपात दाणे मांडले. तीनदा मांडले. तिन्ही वेळा नाव आलं ते बुधीचं. बुधी म्हणजे पाड्याची म्हातारी सुईण, एकटी राहणारी. तिला देवळामागच्या गोठ्यात बांधलं.

"देवळाची सावली उंबराला लागली की हिला कड्यावर न्यायची," सोम्या म्हणाला.

कड्यावर न्यायची म्हणजे काय, ते कोणी मला समजावून सांगितलं नाही. खाली दीडशे हात सरळ दरी होती.

"जव्हारला माणूस धाडलाय. फौजदार येईपर्यंत तरी थांबा," मी म्हणालो.

"फौजदार उद्या येल. त्याला चालायला वाट लागते." सोम्याचे डोळे लाल होते. त्याचा नातूही रात्रभर ओकत पडला होता. "तू पाहुणा हायस, मास्तर. तुझी बहीण वाचली. तिला पाणी पाज, बस."

उंबर देवळाच्या पूर्वेला होता. सणाच्या आदल्या दिवशी निव्वळ हौस म्हणून मी त्या सावलीचं माप घेतलं होतं आणि वहीत लिहिलं होतं: साडेतीन वाजता बुंध्याशी पोचते. आता साडेदहा झाले होते.

२

गोठ्याच्या दारावर दोन माणसं बसली होती. त्यांनी मला आत सोडलं. बाटल्यांतून पाणी तपासणारा मास्तर म्हणून माझी थोडी थट्टा आणि थोडा मान होता.

बुधी खांबाला टेकून बसली होती. हात मागे बांधलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "तुझी बहीण उठली का?"

"उठली. डोकं जड आहे म्हणते."

"केळीच्या खुंटाचा रस अजून एक डाव दे. वर ताक."

मी थबकलो. आदल्या दिवशी दुपारी बुधी केळीचा खुंट ठेचून रस पाजत फिरत होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिच्यावरचा मुख्य आरोप तोच होता. रोग कोणाला कळायच्या आत हिला उतारा कसा ठाऊक? बाधा घालणारालाच उतारा माहीत असतो, असं लोक म्हणत होते.

"आजी, तू खुंट कापायला कधी गेलीस?"

"पहिलं माणूस झुललं तवा."

"म्हणजे कशानं झुललं ते तुला कळलं होतं."

ती दारावरच्या माणसांकडे बघायला लागली.

"तू पंगतीत सगळ्यांना रस पाजला नाहीस. रांगेतला माझ्या शेजारचा माणूस मागत होता, तर त्याला म्हणालीस, तुला नको. तो खरंच पडला नाही. कोणाला लागणार आणि कोणाला नाही, तेही तुला ठाऊक होतं."

"डोकं हाय तुला," ती म्हणाली. "पन ते तुझ्याजवळ ठेव."

"आजी, हे तुला कड्यावर नेणार आहेत."

"ठाव हाय."

"मग सांग."

"चैतीची नाळ मी कापली," बुधी म्हणाली. "तिच्या बापाची बी मीच कापली. ह्या पाड्यात किती जणांच्या नाळा कापल्या, त्याची काय वही नाय माझ्याकडं." तिनं मान फिरवली. "मी सांगायची नाय. जा तू."

मी बाहेर आलो. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते सांगण्यापेक्षा ती मरायला तयार होती. माणूस स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलतो हे मी समजू शकत होतो. हे उलटं होतं. ती कोणाला तरी झाकत होती.

३

उंबराच्या सावलीत गौराताई भिंतीला टेकून बसली होती. मी वही उघडली आणि तिला विचारलं, "ताई, तुला कोणत्या मडक्यातलं वाढलं?"

"एका पट्ट्याच्या. मंगळू पुजाऱ्यानं चुन्यानं पट्टे ओढले होते बघ. एक, दोन, तीन. तू पलीकडे पुरुषांत बसलास, तुला दोन पट्ट्यांच्या मडक्यातलं आलं."

"चव कशी होती?"

"जराशी कडसर. मला वाटलं, धुरामुळे."

मी पडलेल्या एकवीस जणांना, जे बोलू शकत होते त्यांना आणि बाकीच्यांच्या घरच्यांना, एकेक करून तोच प्रश्न विचारला. एकवीसच्या एकवीस एका पट्ट्याच्या मडक्याचे. दोन आणि तीन पट्ट्यांच्या मडक्यांतलं खाल्लेला एकही माणूस आजारी नव्हता. एका पट्ट्याचं खाऊनही बरे राहिलेले पाच जण होते; त्यांनी नुसती चार शितं तोंडात टाकली होती.

मग मी मंगळूकडे गेलो. मंगळू देवीचा पुजारी, तिशीतला, बोलका. पण त्या दिवशी तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दाणा गोळा कसा केला, ते सांग."

"कसा म्हंजे? दरवर्सासारका. घोंगडी धरली. लोक आले. घातलं."

ही घोंगडी मी पाहिली होती. मोठ्या टोपलीवर मंगळू घोंगडी धरतो. माणूस तिच्याखाली हात घालून आपलं धान्य टोपलीत सोडतो. कोणी किती घातलं, काय घातलं, कोणाला दिसत नाही. ज्याच्या घरी चार शितं पिकली तोही मान वर करून परत जातो. आणि घोंगडीखाली काय होतं ते कोणी कोणाला विचारत नाही, हा नेम.

"शेवटी कोणी घातलं?"

मंगळूनं ओठ चावला. "बुधीनं. ती बाळंतिणीकडं गेलेली, उशिरा आली. म्हनून तर सोम्याचं म्हननं खरं वाटतं, मास्तर. तिची ओंजळ टोपलीत सगळ्यांच्या वर. वरचं आधी निघतं, पहिल्या मडक्यात गेलं असंल."

तर्क बिनचूक होता. टोपलीत वरचा दाणा शेवटी आलेल्याचा, आणि तोच आधी उपसला जाणार. मी इतक्या उत्साहानं गोळा केलेली माहिती थेट बुधीकडे बोट दाखवत होती. सोम्याला हे सांगितलं असतं तर त्याला साडेतीनपर्यंतही थांबायचं कारण उरलं नसतं.

"मडकी कुठं आहेत?"

"देवळामागं. उद्या झऱ्यात सोडायची."

देवळामागं मी गेलो. तिथे दोनच मडकी होती. दोन पट्ट्यांचं आणि तीन पट्ट्यांचं.

४

मंगळूला धरून हलवावंसं वाटलं, पण तो आधीच हलत होता.

"मी नाय काय केलं, मास्तर. मी पुजारी. मडकं माझ्या हातानं भरलं. लोक मलाच धरतील."

"कुठं आहे?"

झऱ्याच्या वरच्या अंगाला, कारवीच्या झुडपात त्यानं ते लपवलं होतं. तळाशी दोन मुठी शिजलेला दाणा चिकटला होता. ते त्यानं फेकलं नाही, कारण देवीचं अन्न फेकता येत नाही. भीतीपोटी लपवतानाही तो नेम त्याच्याकडून मोडवला नव्हता.

दाणा मी पानावर घेतला. बोटांत चोळून पाहिला. बहुतेक शितं माझ्या मडक्यातल्या वरईपेक्षा जाड आणि मातकट दिसत होती. निदान मला तसं वाटलं. मी शहरातला माणूस; माझ्या नुसत्या वाटण्यावर कोणाचा जीव पणाला लावता येत नव्हता.

"मंगळू, दोन कोंबड्या दे."

त्याच्या बायकोनं एक पांढरी आणि एक तांबडी आणून दिली. दोघींना मी वेगवेगळ्या पाटीखाली झाकलं. पांढरीला एका पट्ट्याच्या मडक्यातलं घातलं, तांबडीला दोन पट्ट्यांच्या खरवडीतलं. घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

वाट पाहण्याशिवाय हातात काही नव्हतं, म्हणून मी गाभाऱ्यात गेलो. मला दुसरं काही सुचेनासं झालं की मी मोजतो. शिळेपुढच्या फरशीवर तेल आणि शेंदराचा जाड लेप होता. त्या लेपात एक वर्तुळ उमटलं होतं. मी टेप लावली. बावीस इंच.

मी बाहेर धावलो आणि दाण्याची टोपली पाहिली. बांबूच्या सगळ्या टोपल्यांसारखी तिचीही बैठक चौकोनी होती, नऊ इंची. तोंड गोल. तोंडाचा व्यास बावीस इंच.

"मंगळू, टोपली तू देवीपुढे ठेवलीस?"

"व्हय."

"कशी?"

"उपडी घातली." तो असं बोलला की जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. "वरचं वरचं देवीला काय दाखवायचं? तळचा दाणा तिनं बघायला पायजे. टोपली उपडी घालायची, उचलायची, ढीग होतो. मंग सुपानं वरून मडक्यात भरायचा."

"हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"तू लोक कसे आले ते विचारलंस. गाभाऱ्यातलं कुठं विचारलंस?"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि माझ्या टोपीत आधी लाल खडे टाकले, वर काळे. टोपी उपडी केली, उचलली. लाल खडे वर आले.

मंगळूनं वरचा एक लाल खडा उचलला.

"म्हंजे बुधीची ओंजळ तळाला गेली," तो म्हणाला. "तिसऱ्या मडक्यात."

"आणि पहिल्या मडक्यात पहिल्यांदा आलेल्याचा दाणा."

त्याचा चेहरा उतरला. पहिलं दान कोणाचं, हे साठही घरांना ठाऊक होतं.

तेवढ्यात पाटीखाली फडफड झाली. मी पाटी उचलली. पांढरी कोंबडी दोन पावलं चालली, पाय फाकले आणि कुशीवर पडली. मान लुळी. तांबडीनं पाटी उचलताच सरळ मंगळूच्या घराकडे धूम ठोकली. एक वाजायला पाच मिनिटं होती.

मंगळूनं पांढरीला हातात घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ही माजली. हा हरीक हाय."

मग त्यानं मला समजावलं, आणि मी पहिल्यांदाच या डोंगरातला विद्यार्थी झालो. हरीक हे गरिबाचं धान्य. पण कापणीच्या वेळी पाऊस लागला तर नवा हरीक माज आणतो. माणूस थरथरतो, झोपतो, लहान पोर दगावूही शकतं. म्हणून तो वर्षभर ठेवून मग शेणकाल्यात भिजवून, धुऊन खातात. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

"मग कोणालाच कसं ओळखता आलं नाही?"

"देवीच्या दाण्यात हरीक?" मंगळू म्हणाला. "तो कोन घालील? आमच्या मनात बी येनार नाय."

एकीच्या मात्र मनात आलं होतं. तिनं खुंट कापायला घेतला होता.

"पण मंगळू, एका ओंजळीनं एवढी माणसं कशी पडतील?"

"ओंजळ बाकीच्यांची," तो म्हणाला. "पहिल्या घरानं पायली भरून घालायची. तो मान हाय."

पहिलं घर ढवळूचं होतं. चैतीच्या बापाचं.

५

ढवळूचं घर पाड्याच्या टोकाला होतं. तो अंगणात बसला होता. बायको आत निजली होती, अजून पुरती शुद्धीवर आली नव्हती. त्याचेही हात थरथरत होते. त्यानंही पहिल्याच मडक्यातलं खाल्लं होतं.

मी घरामागे नजर टाकली. वरईचं वावर काळं पडलं होतं. आश्विनातल्या पावसानं कणसं उभ्यानं कुजली होती. पलीकडे हरकाचा पेंढा नुकताच झोडलेला.

ओसरीवर लाकडी पायली होती. मी ती उचलली. तिच्या सांध्यात तपकिरी कोंड्याचे चार तुकडे अडकले होते.

त्यानं माझ्या हातातली पायली पाहिली. आपण काही बोललो नाही तरी चालेल, असं मला क्षणभर वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असावं.

"माझ्या आज्याच्या आज्याला ती शिळा सापडली," तो म्हणाला. "तवापासून पहिली पायली आमची. एक वरीस चुकली नाय. दुकाळात नाय."

"वरई नव्हती."

"एक मूठ नव्हती. उसनं चालत नाय. जुनं चालत नाय. मी पायलीभर हरीक कांडला. म्हटलं, साठ घरांची वरई. मोठ्या हंड्यात सगळं एक होतं. एवढ्यात तेवढा हरीक काय करील? जरा डोकं जड झालं तर लोक म्हनतील, देवीचं वारं." तो थांबला. "हंडाच नव्हता, मास्तर. पंगतीत बसलो तवा बघितलं. तीन मडकी. मी उठनार होतो. तवर पोरीनं घास घेतलेला. मला वाटलं, मिसळलं असंल."

माझ्या हातातून पायली खाली ठेवली गेली.

हंडा नव्हता, कारण मी तो काढायला लावला होता. आल्या दिवशी मी देवीचा तांब्याचा जुना हंडा पाहिला. आतली कल्हई उडाली होती, तळाला हिरवा जंग. मी मंगळूला बसवून समजावलं की तांब्याचा जंग अन्नात उतरतो आणि माणसाला विष होतो. त्यानं ऐकलं. कुंभाराकडून तीन कोरी मडकी आली. त्या रात्री वहीत मी लिहिलं होतं: *आज एक उपयोगाचं काम झालं.*

हिशोब चुकण्यासारखा नव्हता. साठ ओंजळी म्हणजे सुमारे चार पायल्या. त्यात ढवळूची एक, एकूण पाच. हंड्यात हरीक पाच भागांत एक झाला असता. तीन मडक्यांत वाटल्यावर आणि त्याचा दाणा वर राहिल्यावर, पहिल्या मडक्यात तो पाच भागांत तीन झाला.

"बुधीला बांधलंय, ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"ठाव हाय."

"मग?"

"उठाया जातो," ढवळू म्हणाला, "पाय उठत नाय."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला आले होते.

६

सावली उंबराच्या मुळांशी पोचली होती. बुधीला बाहेर आणलं होतं. शे-दीडशे माणसं होती, आणि आवाज मात्र नव्हता. लोक ओरडत असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पांढरी कोंबडी सोम्यापुढे ठेवली. ती जिवंत होती, पण मान उचलत नव्हती. तांबडी मंगळूनं काखेत धरली होती.

"ही पहिल्या मडक्यातलं खाऊन पडली. ती दुसऱ्यातलं खाऊन धडधाकट आहे. बाधा झाली ती धान्यानं. पहिल्या मडक्यात हरीक होता."

लोकांत एक लाट गेली. कोणीतरी म्हणालं, "माज. म्हनून झुलत होती माणसं." दुसरं कोणी, "म्हनून बुधीनं खुंट कापला."

सोम्यानं कोंबडीचा पाय धरून पाहिला, पापणी वर केली. तो मूर्ख माणूस नव्हता; घाबरलेला होता. "हरीक हाय," त्यानं कबूल केलं. "मंग बुधीनंच घातला. ती शेवटी आली."

मी टोपी काढली. लाल खडे, काळे खडे. टोपी उपडी केली. मंगळू पुढे झाला आणि म्हणाला, "टोपली उपडी घालतो मी, सोम्यादादा. तुझ्यासमोर नाय, पन घालतो. बुधीचा दाणा तिसऱ्यात गेला. तिसऱ्यातलं तूच खाल्लंस."

सोम्यानं वरचे खडे बोटानं चाचपले. मग त्यानं मान वर केली.

"मंग हरीक कोनाचा?"

हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि त्याला काय म्हणायचं, ते मी वाटभर शोधलं होतं. पहिलं दान कोणाचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण ते नाव अजून कोणी उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं तर बुधी सुटत होती आणि दोरी दुसऱ्याकडे जात होती.

"हंडा मी बदलायला लावला," मी म्हणालो. "हंड्यात शिजलं असतं तर पाचात एक भाग हरीक झाला असता. मडक्यांत पाचात तीन झाला. एवढं मला नक्की ठाऊक आहे. कोणाला कड्यावर न्यायचंच असेल तर हेही धरा."

"तू हरीक पिकवत नायस," सोम्या म्हणाला. "कोनाचा ते सांग."

"सोम्या."

बुधी बोलली होती. हात बांधलेलेच होते.

"घोंगडीखालचं विचारायचं नाय. तुझ्या बापाकडं एक साल मूठ पन नव्हती. त्यानं रिकामा हात घातला आत. मी घोंगडीचं टोक धरलं होतं, मी बघितलं. तुला आजवर कोनी सांगितलं?"

सोम्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

गर्दी मागून दुभंगली. ढवळू येत होता, भिंतीला धरत, मग माणसांना धरत. त्याच्या हातात पायली होती. तो सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेला, पायली उपडी ठेवली आणि हात काढून घेतला. मग बुधीकडे आला आणि तिच्या हातांची गाठ सोडायला लागला. बोटं थरथरत होती, गाठ सुटेना. कोणी मदतीला गेलं नाही आणि कोणी थांबवलंही नाही. सुटेपर्यंत सगळे उभे होते.

सावली उंबराच्या बुंध्यावर चढून गेली. त्यानंतर कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. त्यानं साठ घरांना विचारलं आणि साठ घरांनी सांगितलं, ठाव नाय. मग तो माझ्याकडे वळला. शिकलेला माणूस, वही ठेवणारा. मी वही दिली. त्यात मडक्यांचं, कोंबड्यांचं, हंड्याचं, माझ्या सल्ल्याचं सगळं होतं. 'पहिलं दान' या शब्दांपुढे जागा कोरी होती. त्यानं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

निघताना बुधी मला म्हणाली, "मास्तर, तो हंडा जव्हारला ने. कल्हई करून आन. पुढच्या साली हंडाच चढवायचा."

"आजी, मी हंडा काढायला लावला नसता तर—"

"ते मला नको विचारू," ती म्हणाली.

ते मी तिला विचारलं नाही. जव्हारला आल्यावर कोंबडीला विचारलं. मंगळूकडून त्याच हंगामाचा हरीक मागवला, एका भागाला चार भाग वरई घेतली, शिजवली, घातली. कोंबडी तासभर अंगणात चरत राहिली. दोन तासांनीही चरत होती. तो प्रयोग मी करायला नको होता. वहीत त्याची नोंद नाही.

पुढच्या आश्विनात कल्हई केलेला हंडा घेऊन मी एकटाच गेलो. मंगळूचा हात मोडला होता, म्हणून घोंगडीचं एक टोक मला धरायला दिलं. पहिलं दान बुधीनं घातलं. ढवळू मधेच कुठंतरी रांगेत होता, पायली नव्हती, मूठ मिटलेली. त्यानं घोंगडीखाली हात घातला.

माझ्या उंचीवरून आत सहज दिसत होतं. मी दरीकडे पाहत राहिलो.